बेचाळीस षटकं दोन चेंडू

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या वाशीत दोनच हिशेब चालतात. सोयाबीनच्या बियाण्याला पैसे कुठून उभे करायचे, आणि आयपीएलमध्ये मुंबई पहिल्या चारांत जाते का. पहिला हिशेब बापजाद्यांपासूनचा, दुसरा २००८ पासूनचा. पहिल्यात आजवर कधी फायदा दिसला नाही, म्हणून असेल, लोक दुसऱ्यात जास्त रमतात. (ही वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटावरची. जिच्या शेजारी नेरूळात डी. वाय. पाटील स्टेडियम आहे ती वेगळी. तिथल्या माणसाला सामना बघायला रिक्षा पुरते, आम्हाला रेडिओ आणि कल्पनाशक्ती दोन्ही लागायची.)

आज पन्नाशी ओलांडलेल्या आम्हा लोकांना गुणतक्त्याचं वेड आयपीएलने लावलं असं पोरांना वाटतं. ते खरं नाही. ते वेड आम्हाला १९८७ साली लागलं, आणि तेही एका आडत दुकानाच्या पाटीवर.

तेव्हा वाशी तालुका झालेला नव्हता, जिल्हा उस्मानाबाद होता आणि लातूर आमच्यातून वेगळं होऊन पाच वर्षं झाली होती. रिलायन्स कप, म्हणजे विश्वचषक, सुरू होता. पहिल्याच सामन्यात मद्रासला ऑस्ट्रेलियाने आपल्याला एका धावेने हरवलं होतं. त्या डावात डीन जोन्सचा एक फटका आधी चौकार धरला गेला, मध्यंतरात तो षटकार होता असं ठरलं आणि कपिलदेवने ते मान्य केलं. २६८ च्या २७० झाल्या आणि आपण २६९ वर आटोपलो. कपिलच्या दिलदारपणाचं कौतुक सगळ्या देशाने केलं; वाशीत मात्र ते कौतुक जरा दबक्या आवाजात झालं. कारण पुढे गटातले सामने संपत आले तेव्हा गणित असं बसलं की ३१ ऑक्टोबरला नागपुरात न्यूझीलंडला नुसतं हरवून भागणार नव्हतं. त्यांची धावसंख्या बेचाळीस षटकं आणि दोन चेंडूंच्या आत ओलांडायची होती. जमलं तर गटात पहिले, आणि उपांत्य सामना वानखेडेवर इंग्लंडशी. नाही जमलं तर लाहोरला पाकिस्तानशी.

दिवाळी नुकतीच झालेली, शाळेला सुट्टी. आडत दुकानाबाहेर काळी पाटी टांगलेली असे. तिच्यावर ज्वारी, तूर, करडईचे भाव. त्या दुपारी न्यूझीलंडचा डाव २२१ वर थांबला आणि कुणीतरी भाव पुसून त्या जागी २२२ लिहिलं. घाईत ज्वारीचा ‘ज्वा’ पुसायचा राहिला, त्यामुळे सबंध दुपार पाटीवर ‘ज्वा २२२’ होतं. शाळेतले एक गुरुजी खडू घेऊन २२२ ला ४२.२ ने भागायला बसले. ग्रामपंचायतीचा शिपाई मागून म्हणाला, ‘गुरुजी, षटकात चेंडू सहा असतेत, दहा न्हाईत.’ गुरुजी क्षणभर थांबले. मग त्यांनी पुसून ४२ पूर्णांक एक तृतीयांश असं लिहिलं, कारण दोन चेंडू म्हणजे षटकाचा तिसरा हिस्सा. षटकामागे सव्वापाच धावा. अपूर्णांक आम्हाला वर्गात कधी कळले नव्हते, ते तिथे उभ्या उभ्या कळले.

आणि तो भागाकार फुकट गेला. एकदिवसीय सामन्यांत ज्याने कधी शतक केलं नव्हतं, ज्याने १९७५ साली लॉर्ड्सवर साठ षटकं खेळून काढून ३६ धावा केल्या होत्या, तो सुनील गावसकर त्या दिवशी अंगात ताप घेऊन ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा करून मोकळा झाला. त्याआधी चेतन शर्माने तीन चेंडूंवर तिघांच्या दांड्या उडवल्या होत्या. विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. सामना ३२.१ षटकांत संपला. पाटीवर दहा षटकं उरली. गुरुजींनी खडू खिशात टाकला, आडत्याने पाटी पुसून पुन्हा ज्वारीचा भाव लिहिला.

पाचच दिवसांनी वानखेडेवर ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ धावा काढल्या आणि आपण ३५ धावांनी हरलो. ज्या लाहोरला जायला लागू नये म्हणून एवढा आटापिटा केला, तिथे ऑस्ट्रेलिया गेली, पाकिस्तानला हरवून आली आणि कप घेऊन घरी गेली. ‘त्या दिवशी जरा हळू खेळलो असतो तर?’ हा विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

आता पाटी लागत नाही. सामना चालू असतानाच फोन सांगतो की अमुक संघाची शक्यता इतके टक्के, तमुक संघाने इतक्या षटकांत इतक्या धावा केल्या तर तो वर, नाहीतर हा. पोरांना भागाकार करावा लागत नाही आणि शिपायाला गुरुजींची चूक काढता येत नाही.

१८ मे २०२४ च्या रात्री बेंगळुरू आणि चेन्नईचा सामना होता. बेंगळुरू पहिल्या आठांत एक सामना जिंकली होती आणि मग ओळीने पाच जिंकून दारात येऊन उभी होती. तिने २१८ केल्या. चेन्नईला जिंकायला २१९ हव्या होत्या, पण २०१ झाल्या तरी हरूनही चेन्नई आत जाणार होती. आमच्यातले दोघे-तिघे शेवटपर्यंत विचारत होते, ‘म्हणजे हरले तरी चालतंय का?’ पोरं कपाळाला हात लावत होती. पुण्याचा ऋतुराज गायकवाड, चेन्नईचा कर्णधार, पहिल्याच चेंडूवर परतला होता. शेवटच्या षटकात सतरा हव्या होत्या. धोनीने पहिला चेंडू स्टेडियमबाहेर भिरकावला आणि दुसऱ्यावर झेल देऊन गेला. चेन्नई १९१ वर अडली.

तो झेल आमच्या कट्ट्यावर एकदा नाही, चार वेळा झाला. एकाच्या फोनवर चित्र आधी येतं, दुसऱ्याच्या फोनवर मागून, आणि समोरच्या घरातला टीव्ही सगळ्यांच्या पुढे. टीव्हीवाल्या घरातून आरोळी आली तेव्हा पहिल्या पोराच्या फोनवर गोलंदाज यश दयाल अजून धावत येत होता. त्याने मान वर करून शिवी दिली, मग त्याची विकेट पडली, मग शेजारच्याची. चार पोरं मांडीला मांडी लावून बसलेली आणि चौघांचा सामना वेगवेगळ्या वेळी संपला. आमच्या वेळी रेडिओ एकच होता, त्यामुळे ‘आउट’ सगळ्यांना एकदमच कळायचं आणि श्वास सगळ्यांचा एकदमच अडकायचा. हे गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण त्या एका रेडिओभोवती कोण बसायचं, हेही सांगायला हवं, नाहीतर आठवणी फार गोड होतात. ज्या हॉटेलात तो रेडिओ होता तिथे समालोचन सगळ्यांना एकच ऐकू येई, चहाचे कप मात्र सगळ्यांचे एक नव्हते. काहींचे कप बाहेर फळीवर वेगळे ठेवलेले असत आणि ते पिऊन झाले की ज्याचे त्याने विसळायचे. गावसकरच्या शतकावर आम्ही सारे नाचलो, आणि नाचून झाल्यावर जो तो आपापल्या कपाकडे गेला. बायका तर नव्हत्याच. आमच्या आयांना गावसकर माहीत होता तो ‘तुमचा तो बुटका’ म्हणून. आज त्याच गल्लीतल्या पोरी धावगतीवर पोरांशी भांडतात आणि सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेचे षटकार तोंडपाठ सांगतात. पाटी हरवली म्हणून हळहळणाऱ्याने हे एका बाजूला लिहून ठेवावं आणि मग हळहळावं.

शिवाय, आपण फार रसिक होतो म्हणून पाटीभोवती जमत होतो, असंही नाही. दुसरं काही नव्हतं. वीज कधी जाईल आणि कधी येईल हे ठरलेलं नसे. रेडिओचे सेल उन्हात ठेवून तापवायचे, दाताखाली जरा दाबायचे, की आणखी दोन-चार षटकं निघत. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकायला मिळालं तर सण. एरवी सुशील दोशींच्या हिंदीवर भागवायचं, आणि दोघांच्याही मध्येच खरखर. पेपर एसटीने दुपारी यायचा आणि त्यात बहुतेक वेळा आदल्या नव्हे, त्याच्या आदल्या दिवसाचा खेळ असायचा. परदेशातल्या कसोटीत आपण हरलोय हे माहीत नसताना आम्ही पुढे दीड दिवस आशेवर काढलेला आहे. ते अज्ञान सुखाचं होतं असं आज लिहायला छान वाटतं, पण तेव्हा ते नुसतं अज्ञान होतं.

दोन्ही काळांच्या मधला, टीव्ही घरोघर आलेला पण फोनने अजून गिळून न टाकलेला, असा एक सामना आम्हाला मिळाला. २५ मे २०१४, वानखेडे. मुंबईला आत जायचं तर राजस्थानच्या १८९ धावा १४.३ षटकांत ओलांडायच्या होत्या. कोरी अँडरसनने नाबाद ९५ केल्या, पण चौदा षटकं तीन चेंडू झाले तेव्हा धावा झाल्या होत्या १८९. ना धड जिंकलो, ना धड हरलो. वाशीत लोकांना वाटलं, गेली मुंबई. मग पडद्यावर आलं की पुढच्या चेंडूवर चौकार बसला तर अजून आहे. खेळायला आला आदित्य तरे, आपला मुंबईचा पोरगा, त्याचा त्या डावातला पहिलाच चेंडू. पायांवर पडलेला फुलटॉस त्याने लेगला प्रेक्षकांत फेकला आणि अंगातला शर्ट ओढत मैदानभर पळत सुटला. राजस्थानच्या बाकावर राहुल द्रविडने टोपी काढून जमिनीवर आपटली. आयुष्यभर ज्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही, त्या माणसाकडून गणिताने टोपी आपटून घेतली.

तीनच दिवसांनी मुंबई चेन्नईकडून हरून बाहेर पडली. १९८७ ला तेच, २०१४ ला तेच, आणि २०२४ ला बेंगळुरूचंही तेच. चेन्नईला बाहेर काढून चार दिवसांत ती अहमदाबादला राजस्थानकडून हरली. त्यामुळे आमच्या पिढीचा एक सिद्धांत आहे: जो भागाकारात जिंकतो तो पुढच्याच सामन्यात पडतो. पोरं हसतात. तीन उदाहरणांवरून सिद्धांत होत नाही म्हणतात. शिकलेली आहेत.

खरी आमची तक्रार भागाकाराबद्दल नाहीच, ती माणसांबद्दल आहे. आमच्या भिंतीवरचा खेळाडू भिंतीवरच राहायचा. संदीप पाटील संपादक असलेल्या ‘एकच षटकार’मधलं चित्र कापायचं, कणकेच्या खळीने भिंतीला डकवायचं, आणि दिवाळीला चुना मारेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तो मुंबईचा तो मुंबईचाच आणि कर्नाटकचा तो कर्नाटकचाच. आता नोव्हेंबर आला की माणसं इकडची तिकडे होतात, त्याला ट्रेड म्हणतात. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातेतून मुंबईत आला, डिसेंबरात रोहितचं कर्णधारपद त्याच्याकडे गेलं, आणि पुढच्या हंगामात वानखेडेवरच मुंबईच्या लोकांनी मुंबईच्या कर्णधाराची हुर्यो उडवली. मुंबई त्या वर्षी तळाला गेली. २०२५ च्या नोव्हेंबरात तर जडेजा चेन्नईतून राजस्थानला आणि संजू सॅमसन राजस्थानहून चेन्नईला. पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौहून मुंबईला आला आणि अर्जुन तेंडुलकर मुंबईतून लखनौला गेला. तेंडुलकर आडनावाचा माणूस मुंबईने लखनौला दिला, हे आमच्या पिढीच्या घशाखाली अजून उतरलेलं नाही. आठवडी बाजारातून घेतलेला जडेजाचा पिवळा शर्ट घातलेला एक पोरगा मला त्या आठवड्यात भेटला. म्हटलं, आता रे? म्हणाला, ‘पाठीवर नाव न्हाई काका, नुसता आठ नंबर हाय. दुसरा कुणी आठ नंबरवाला यील की.’

तरी, निष्ठा हा शब्द आम्ही फार सैल हाताने वापरतो असं मला वाटतं. सांगलीचे विजय हजारे महाराष्ट्राकडून खेळले आणि मग बडोद्याचे झाले, कारण नोकरी बडोदा संस्थानात होती. १९४८ साली पुण्यात महाराष्ट्रासाठी नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकर बडोद्याकडूनही खेळले, होळकरांकडूनही आणि रेल्वेकडूनही. जिथे पोटाची सोय, तिथला संघ. फरक इतकाच की तेव्हा माणसाची किंमत पेपरात छापून येत नसे. ‘आपला माणूस आपल्याला सोडून गेला नाही’ याचं बरंचसं कारण हे होतं की त्याला जायला दुसरीकडे जागा नव्हती आणि पैसे तर कुठेच नव्हते.

आणि वाशीत ट्रेड नव्हता हे तर साफ खोटं. आमच्या टेनिस बॉलच्या संघात सर्वांत वेगवान गोलंदाज तलाठी होते, यष्टिरक्षक पोस्टातले आणि सलामीचा फलंदाज बँकेत कॅशिअर. एप्रिल-मे म्हणजे सरकारी बदल्यांचे दिवस. स्पर्धा ऐन उपांत्य फेरीत आलेली असायची आणि ऑर्डर निघायची: गोलंदाज परंड्याला. आमची मुदत ३१ मे. त्या तारखेपर्यंत कोण जातंय आणि कोण येतंय याची बातमी आम्ही तहसील कचेरीच्या दारात उभं राहून काढायचो, आणि नवा माणूस हजर व्हायला आला की त्याला पहिला प्रश्न, ‘साहेब, खेळता का?’ जाणाऱ्याला शाल, श्रीफळ आणि संघाचा एक फोटो मिळायचा. पुढच्या वर्षी तोच माणूस परंड्याकडून खेळत आमच्या दांड्या उडवायला हजर. दांडी उडाली की जवळ येऊन ‘घरचे कसे आहेत?’ हेही विचारायचा. आता तालुक्याच्या गावीसुद्धा टेनिस बॉलच्या लीगचा लिलाव होतो. मंडप, माईक, प्रायोजक, बोली. ज्याच्यावर कुणी बोली लावत नाही तो पोरगा मंडपाच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवतो, ते मला बघवत नाही. पण ज्याच्यावर लागते तो जिंकून पैसे घरी नेतो, आणि आमच्या तलाठ्याला बदलीचा भत्ता काढायलासुद्धा खेटे घालावे लागले होते.

आमच्या वर्गातला एक जण न्यू जर्सीत असतो. तिकडच्या बेसबॉलमध्ये म्हणे जुलै संपताना हीच झुंबड उडते. तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, पुढे जाणार बारा. त्या मुदतीच्या दिवशी प्रत्येक संघाला कबूल करावं लागतं की आपण शर्यतीत आहोत का नाही. असलो तर माणसं विकत घ्यायची, नसलो तर असलेली विकून टाकायची आणि बदल्यात कोवळी पोरं घ्यायची. हे ऐकून आमच्यातला एक जण म्हणाला, ‘म्हणजे दुष्काळ पडला की जनावरं बाजारात न्यायची, तसंच.’ त्यावर कुणी काही बोललं नाही.

दुष्काळावरून आठवलं, ते हंगामाबद्दल लिहिताना टाळता येणार नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवा. बारा सामने गेले. मुंबई आणि पुण्याचे घरचे सामने विशाखापट्टणमला झाले, अंतिम सामना मुंबईहून बेंगळुरूला गेला, मुंबई पाचवी आली आणि एका पायरीने राहिली. आमच्याकडे तेव्हा टँकरभोवती घागरींची रांग होती आणि रांगेतच मुंबईचं गणित चाललेलं होतं. खेळपट्टीवर मारायचं पाणी वाचलं म्हणून वाशीच्या नळाला काही आलं नाही, पण निदान त्या वर्षी कुणीतरी दोन्ही हिशेब एका कागदावर मांडले. आमच्या १९८७ च्या पाटीवर खडूने लिहिताना पाण्याचा विषय कुणाच्या डोक्यात नव्हता. तेव्हाही पाणी नव्हतंच.

शेवटच्या साखळी सामन्याच्या दिवशी पोरं आजही तेरखेड्याहून फटाके आणून ठेवतात. जवळच आहे, स्वस्त पडतात. मुंबई बाहेर गेली तर ते बेंगळुरूसाठी वाजतात, नाहीतर कुणाच्या तरी वरातीत. पैजा आमच्या वेळी चहाच्या लागत आणि हरणारा चहा पाजत असे. मधल्या वर्षांत फोनवर एकोणपन्नास रुपये लावून स्वतःचा संघ उतरवायचं वेड आलं, २०२५ च्या कायद्याने पैशाचे ते खेळ बंद झाले. आमच्या काळात मटका होता हे इथे लिहिलं नाही तर गावातला कुणीतरी मला रस्त्यात अडवून आठवण करून देईल, म्हणून लिहितो.

तर येत्या मे महिन्यात गुणतक्ता शेवटच्या आठवड्यात आला की एक करून बघा. फोन उलटा ठेवा, शेजारच्याकडून पेन मागून घ्या आणि भागाकार स्वतः करा. केलेल्या धावा भागिले खेळलेली षटकं, वजा दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं. चेंडू सहाने मोजायचे, दहाने नाही. आणि संघ सर्वबाद झाला असेल तर त्याने कितीही कमी षटकं खेळलेली असोत, पूर्ण वीस धरायची. इथे जवळजवळ सगळे चुकतात.